डक्टमधली जुडी कोणाची? गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात गेली सव्वीस वर्षं इमारतींचं वायरिंग करतो. आयटीआय झाल्यावर वायरमनचा परवाना काढला, पुढे पर्यवेक्षकाचा. सोसायट्यांच्या मीटर रूम, जिन्यातले केबलींचे डक्ट, पंप रूम, गच्चीवरची लिफ्टची खोली या जागा मला घरासारख्या ओळखीच्या आहेत. तुम्ही विनामोबदला काम करता आणि वर सभासदांची बोलणीही ऐकून घेता, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे तक्रार करायची म्हणून हे पत्र लिहीत नाही. एक गोष्ट मला बरेच दिवस सतावते आहे. ती एकट्या सभासदाच्या हातातली नाही आणि माझ्यासारख्या वायरमनच्याही नाही. ती समितीच्याच हातात आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री साडेबाराला एका सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. पार्किंगमध्ये जळकट वास येत होता आणि कुठून येतोय ते सापडत नव्हतं. मी गेलो. मीटर रूममध्ये सगळं ठीक दिसत होतं, एकही एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता. वासाच्या मागे जात पार्किंगच्या छताखाली आलो. तिथे मीटर रूमपासून गाड्यांच्या जागांपर्यंत नऊ केबली गेल्या होत्या. सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरच्या. पहिली केबल दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने टाकून घेतली होती. दुसऱ्याच्या माणसाने ती पहिलीला नायलॉनच्या टायने बांधली, तिसऱ्याच्या माणसाने दोघींना. अशी करत करत मनगटाएवढी जाड जुडी झाली होती. दिसायला नीटनेटकी, दर फुटाला टाय.

जुडीच्या बाहेरच्या केबलीला हात लावला तर ती कोमट लागली. चार्जर बंद करायला लावले, मेन काढला, एक टाय कापला आणि जुडी उकलली. आतल्या दोन केबलींची पीव्हीसी इतकी मऊ झाली होती की टायची खूण तिच्यात खोल रुतली होती. दोघी एकमेकींना चिकटल्या होत्या. वेगळ्या करताना एकीचं बाहेरचं आवरण सोलून हातात आलं.

त्या नऊ केबलींपैकी एकही हलकी नव्हती. प्रत्येक सहा एमएमची (म्हणजे तारेचा छेद सहा चौरस मिलिमीटर) तांब्याची, आयएसआय छापाची, चांगल्या कंपनीची. प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी. ज्याने ज्याने केबल टाकली, त्याने आपल्या चार्जरचा लोड बघून योग्य तीच केबल निवडली होती. सभासदांनी रीतसर अर्ज केले होते, समितीने रीतसर ना हरकत पत्रं दिली होती. चूक कोणा एकाची काढायला गेलं तर सापडत नाही. आणि तरीही ती जुडी आणखी काही आठवडे तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री घरी परतताना डोक्यातून जात नव्हता.

यातलं गणित थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल.

वायरीतून वीज गेली की वायर तापते. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. आपल्याकडे उन्हाळ्यात मीटर रूम आणि बंद डक्ट ४० अंशांना सहज टेकतात. म्हणजे वायरीला तापायला जेमतेम ३० अंशांची मोकळीक उरते. वायर भिंतीवर किंवा छताला एकटी असेल तर ती आपली उष्णता हवेला देत राहते आणि त्या मोकळिकीत भागतं. पण तिच्या चारी बाजूंना तिच्यासारख्याच तापलेल्या वायरी असतील तर ती उष्णता देणार कोणाला? गावाकडे ओलसर कडबा गंजीत रचला तर गंजी आतून तापते, वरून हात फिरवला तर पत्ता लागत नाही. जुडीचं तसंच होतं.

यासाठी वायरिंगच्या मानकांत गुणक दिलेले आहेत. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात ते आहेत आणि आपलं आयएस ७३२ देखील केबली एकत्र नेताना त्यांची क्षमता कमी धरायला सांगतं. एक सर्किट असेल तर गुणक १. दोन सर्किटं एकत्र बांधली तर ०.८०, तीन असतील तर ०.७०, सहा असतील तर ०.५७ आणि नऊ असतील तर ०.५०. म्हणजे नऊ सर्किटांची जुडी झाली की प्रत्येक केबलची ताकद निम्मी धरायची.

आता त्या पार्किंगमधली सहा एमएमची टू-कोर केबल घ्या. छताला एकटी क्लिप केलेली असताना, भोवतालचं तापमान ४० अंश धरून, तिची क्षमता साधारण ४० अँपिअर येते. घरगुती मोठा चार्जर ७.४ किलोवॅटचा असतो, तो ३२ अँपिअर घेतो. ४० वर ३२, काहीच अडचण नाही. पहिल्या सभासदाची केबल पूर्ण सुरक्षित होती. नववी केबल जुडीत आली तेव्हा तीच पहिली केबल २० अँपिअरची झाली. तिच्यात काहीही बदललं नव्हतं, तिला कोणी हातही लावला नव्हता. तिच्यातून ३२ अँपिअर पूर्वीसारखेच जात होते, पण आता ते तिच्या कुवतीच्या दीडपटीहून जास्त होते आणि उष्णता जुडीत सोसवेल त्याच्या अडीचपट. सगळे चार्जर एकाच वेळी पूर्ण लोडवर काही तास चालले तर अशा जुडीच्या आतलं तापमान हिशेबाने शंभर अंशांच्या पुढे जातं.

तुमच्या मनात येईल की मग एमसीबी का पडला नाही. मला सभेत हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. एमसीबी करंट मोजतो. केबल कुठून गेली, कोणाबरोबर बांधली, तिच्याभोवती हवा आहे की नाही, हे त्याला कळायचा मार्गच नाही. त्या चार्जरना ४० अँपिअरचे एमसीबी होते. असा एमसीबी ४५ अँपिअरपर्यंत तासभर न पडता उभा राहतो, तसं त्याच्या मानकातच आहे. ३२ अँपिअर त्याच्या दृष्टीने रोजचा लोड. आरसीसीबी तर फक्त गळती बघतो, आणि इन्सुलेशन फाटेपर्यंत गळती होत नाही. म्हणजे ज्या दोन उपकरणांवर आपण निर्धास्त असतो, ती दोन्ही जुडीच्या बाबतीत शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहतात.

आणि हे एका रात्रीत घडत नाही, म्हणून ते दिसत नाही. इन्सुलेशन मर्यादेपेक्षा साधारण दहा अंश जास्त तापत राहिलं तर त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आणखी दहा अंश, आणखी निम्मं. पीव्हीसी आधी मऊ पडते, मग वर्षा-दोन वर्षांत कडक आणि ठिसूळ होते, मग कधीतरी पाइप हलला, उंदीर फिरला, कोणी नवीन केबल ओढताना धक्का लागला की तडकते. आग लागते तेव्हा बातमीत शॉर्टसर्किट एवढंच येतं. ते शॉर्टसर्किट कितीतरी आधीपासून शिजत असतं.

जुन्या इमारतींचे डक्टही असेच भरलेले आहेत, मग इतकी वर्षं काही का झालं नाही, असंही कोणी म्हणेल. त्याचं उत्तर आपल्या वापरात आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं थोडा वेळ. एका घरात गीझर चालू असतो तेव्हा दुसऱ्या घरात बंद असतो. त्यामुळे जुडीतल्या सगळ्या वायरी एकाच वेळी तापायच्या नाहीत. आता दोन गोष्टी बदलल्या. एप्रिल-मेच्या रात्री प्रत्येक बेडरूममधला एसी एकाच वेळी चालू असतो, रात्रभर. आणि गाडी रात्री दहा-अकराला चार्जिंगला लागते ती पहाटेपर्यंत, पूर्ण करंटने, सलग पाच-सहा तास. सगळ्यांच्या गाड्या घरी असण्याची वेळही तीच. ज्या जुडीला आजवर विश्रांती मिळत होती तिला आता ती मिळत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना माझा विरोध नाही. माझ्या मुलाने गेल्याच दिवाळीत इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गाडी वाईट नाही, तिच्यासाठी टाकलेली केबल ज्या वाटेने जाते ती वाट आपण आखलेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

सदनिकेतली वायर सभासदाची. मीटरपर्यंतची केबल वीज कंपनीची. मधल्या डक्टमधल्या आणि पार्किंगमधल्या जुडीचा मालक कोण? तिच्यातली प्रत्येक केबल कोणाची ना कोणाची आहे, पण जुडी कोणाचीच नाही. ज्याने नववी केबल बांधली त्याने पहिल्या आठ जणांची क्षमता कमी केली, पण त्या आठांना ते कळलं नाही आणि नवव्यालाही कळलं नाही. हे कळू शकेल अशी इमारतीत एकच जागा आहे, ती म्हणजे समितीची फाइल. नऊच्या नऊ अर्ज त्या एका फाइलमध्ये आहेत. म्हणून मी हे पत्र सभासदांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

उपाय अवघड नाही. त्याच नऊ केबली छताखाली जाळीदार केबल ट्रेवर एका थरात, शेजारी शेजारी, एकमेकींवर न चढवता ठेवल्या तर गुणक ०.५० वरून ०.७२ वर येतो. शिवाय ट्रेवर खालून-वरून हवा लागते म्हणून केबलची मूळ क्षमताही वाढते. हिशेब केला तर तीच सहा एमएमची केबल जुडीत २० अँपिअरची होते आणि ट्रेवर जवळपास ३२ ची. तरी मी तिथे दहा एमएमच वापरेन, कारण सहा एमएम अगदी काठावर येते आणि काठावरचं काम मला आवडत नाही. ट्रेवर दोन केबलींमध्ये त्यांच्या जाडीच्या दुपटीहून जास्त जागा सोडता आली तर कपात करावीच लागत नाही, पण आपल्या पार्किंगमध्ये एवढी रुंद ट्रे बसवायला जागा क्वचितच मिळते. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येकाची वेगळी केबल न ओढता सोसायटीने चार्जिंगसाठी एक मोठा फीडर, म्हणजे सगळ्यांसाठी एकच जाड मुख्य केबल, पार्किंगमध्ये आणायचा, तिथे पॅनेल बसवायचं आणि लोड वाटून देणारी यंत्रणा लावायची, म्हणजे दहा गाड्या लागल्या तरी एकूण करंट ठरलेल्या मर्यादेत राहतो. मोठ्या सोसायटीला हेच परवडतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र वाचून कोणी घंटीच्या वायरीलाही घाबरेल. जुडीत जी वायर तिच्या कमी केलेल्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहूनही कमी करंट वाहते, ती गुणक काढताना मोजायची नसते. जिन्यातले दिवे, इंटरकॉम, घंटी यांची उष्णता नगण्य असते. काळजी करायची ती तासन्तास चालणाऱ्या जड सर्किटांची: चार्जर, एसी, गीझर, पंप.

याच कारणासाठी जास्तीची केबल कापायची नाही म्हणून मीटर बोर्डाच्या वर तिची दहा वेटोळी करून टांगून ठेवतात, तेही बंद करा. केबल एकच असली तरी वेटोळ्यात ती स्वतःलाच दहा वेळा चिकटलेली असते.

आता डक्टकडे येतो. इथे उष्णतेइतकीच आगीची आणि धुराची गोष्ट आहे.

डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत गेलेली उभी पोकळी. खाली आग लागली तर ती धुरांड्यासारखी वर ओढली जाते. म्हणून पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत स्पष्ट आहे की केबलच्या डक्टला प्रत्येक मजल्याच्या छेदावर आगरोधक अडथळा हवा आणि त्या डक्टमधून दुसऱ्या कसल्याही सेवेचे पाइप नेऊ नयेत. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिताही हेच सांगते की डक्ट प्रत्येक मजल्यावर आगरोधक सामग्रीने बंद हवा. माझा अनुभव सांगतो की इमारत नवीन असताना हे बंद केलेलं असतं. मग पहिला इंटरनेटवाला येतो, छिन्नीने भोक पाडतो, केबल टाकतो आणि जातो. भोक तसंच राहतं. दुसरा येतो, ते भोक मोठं करतो. दहा वर्षांनी पहिल्या मजल्यावर डक्टचं दार उघडून वर बघितलं तर सातव्या मजल्याचा उजेड दिसतो. त्याच डक्टमध्ये सफाईवाल्या बाईंचे झाडू, उरलेले रंगाचे डबे आणि जुन्या जाहिरातींचे गठ्ठे ठेवलेले असतात. त्यांना दुसरी जागा दिलेली नसते, म्हणून ते तिथे ठेवतात. त्यांना रागावण्याऐवजी जागा द्या.

भोकं बुजवताना एक काळजी घ्या. बाजारात पिवळा फेसाचा स्प्रे मिळतो, भोकात मारला की फुगतो आणि सगळं झाकून टाकतो. दिसायला काम झालेलं दिसतं. तो साधा पॉलियुरेथेन फोम पेट घेतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी कामगार भिंतीतून गेलेल्या केबलींभोवतीच्या अशाच फोममधून हवा गळते का हे मेणबत्तीच्या ज्योतीने बघत होते. फोमने पेट घेतला, आग केबलींना लागली, सुमारे सात तास जळत राहिली आणि सोळाशेहून जास्त केबली निकामी झाल्या. आगरोधक कामासाठी खास प्रमाणित सीलंट, मॉर्टार आणि पिशव्या मिळतात. कंत्राटदाराला त्यांचं प्रमाणपत्र मागा. पुढे केबल टाकायची असेल तिथे काढता-घालता येणाऱ्या पिशव्या बऱ्या पडतात, म्हणजे पुन्हा छिन्नी चालवावी लागत नाही.

वायर घेताना सगळे एफआर, म्हणजे ज्वाला पसरू न देणारी, असं लिहिलेली बघून घेतात. ही अक्षरं जुडीच्या बाबतीत पुरेशी नाहीत. ज्वाला पसरते का याच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आयईसी ६०३३२ च्या पहिल्या भागात एकच वायर उभी टांगून तिला ज्योत लावतात. तिसऱ्या भागात केबलींची जुडी उभी बांधून खालून ज्वाला देतात. एकटी असताना विझणारी वायर जुडीत विझेलच असं नाही, कारण शेजारची तिला पेटत ठेवते. तुमच्या डक्टमध्ये वायरी कधीच एकट्या नसतात, म्हणून विचारायची ती जुडीची चाचणी. आणि साधी पीव्हीसी जळली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, नाका-घशातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. जिना धुराने भरला की वृद्ध माणूस दोन मजलेसुद्धा उतरू शकत नाही. जिन्यालगतच्या डक्टमध्ये कमी धुराची एफआरएलएस, जमल्यास हॅलोजनमुक्त (असा आम्लाचा वायू न सोडणारी) केबल घ्या, हा आग्रह मी म्हणूनच धरतो.

जिन्याबद्दल आणखी एक, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे.

जिन्याच्या आणि पॅसेजच्या छताला प्लास्टिकच्या केसिंगमध्ये किंवा नुसत्या नायलॉन टायने बांधलेल्या केबली आपल्या सगळ्या इमारतींत आहेत. इंटरनेट, डिश, सीसीटीव्ही, इंटरकॉम. त्यांत करंट फारसा नसतो, त्यामुळे त्या तापत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन शहरातल्या शर्ली टॉवर्स या उंच इमारतीत ६ एप्रिल २०१० रोजी आग लागली. उष्णतेने केबलींना धरून ठेवणारं प्लास्टिक वितळलं आणि केबली खाली लोंबकळल्या. धुरात काही दिसत नसताना अग्निशमन दलाचे जवान त्या केबलींच्या जाळ्यात अडकले. दोन जवानांचा मृत्यू झाला. त्याआधी २००५ मध्ये स्टीव्हनेज इथल्या हॅरो कोर्ट इमारतीतही आगीत पडलेल्या केबलींत जवान अडकला होता. या अनुभवांतून तिथल्या वायरिंगच्या नियमांत बदल झाला. २०१५ मध्ये सुटकेच्या मार्गांवर आणि २०१८ पासून पूर्ण इमारतीत, केबली आगीत लवकर कोसळणार नाहीत अशा आधारांनी बांधणं सक्तीचं झालं. व्यवहारात याचा अर्थ धातूच्या क्लिपा आणि धातूचे पट्टे.

आपल्याकडे असा आधार बसवायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. प्लास्टिकची केसिंग काढायचीही गरज नाही. तिच्या आत ठराविक अंतरावर पत्र्याच्या क्लिपा ठोकल्या की केसिंग वितळली तरी केबली छतालाच राहतात. नायलॉन टाय असू द्या, पण दर काही टायनंतर एक स्टीलचा टाय किंवा सॅडल असू द्या. ज्या जिन्याने आपल्या घरातली माणसं खाली येणार आणि अग्निशमन दलाचे जवान वर जाणार, त्या जिन्याच्या छतापुरतं हे या महिन्यात करा. दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे.

टायबद्दल वायरमन बंधूंनाही दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र त्यांच्याही हातात जाईल. टाय केबलला आधार देण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. बोटाने केबल थोडी सरकवता आली पाहिजे. पांढरे टाय उन्हात वर्षभरात तुटतात, बाहेर काळेच वापरा. जाड सिंगल-कोर केबलींना फक्त नायलॉन टायवर सोडू नका. शॉर्टसर्किटच्या क्षणी त्या एकमेकींना इतक्या जोराने ढकलतात की टाय तुटून उडतात, तिथे योग्य क्लॅम्प लागतो. फेज एका लोखंडी पाइपमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून नेऊ नका, पाइपच तापतो. आणि आपण टाकलेल्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना टॅग लावा. ज्या केबलला टॅग नाही ती पुढचा माणूस कापायला घाबरतो, म्हणून मेलेल्या केबली डक्टमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. त्या गरम होत नाहीत, पण जागा अडवतात, हवा अडवतात आणि आगीत सरपणाचं काम करतात.

पैशांचंही बोलतो. तुम्ही तीन कोटेशनं मागवता आणि सगळ्यात कमी दराचं घेता. सभासदांचे पैसे आहेत, तुम्हाला ते करावंच लागतं. पण त्या कोटेशनमध्ये ट्रे, क्लॅम्प, सीलिंग, टॅगिंग यांच्या ओळीच नसतात, कारण मागताना तुम्ही त्या लिहिलेल्या नसतात. ज्याने त्या स्वतःहून धरल्या त्याचा दर जास्त येतो आणि त्याचं काम जातं. माझीही अशी कामं गेली आहेत. तुम्ही मागणीपत्रातच या चार ओळी लिहिल्या तर सगळ्यांचे दर एका पातळीवर येतील आणि चांगलं काम करणारा तोट्यात राहणार नाही.

इमारत पंधरा वर्षांची झाली की आपण स्ट्रक्चरल ऑडिट करतो, उपविधीत तसं आहे. तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी करतो. आगीच्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, भरतो. त्यासाठी येणारी एजन्सी पंप, होज, अग्निशामक नळकांडी तपासते. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर डक्टची दारंही उघडा आणि मजल्या-मजल्यावरचं सीलिंग त्यांच्याकडून लेखी मागा. विजेचं ऑडिट करायचं असेल तर दिवसा दुपारी करू नका. मे महिन्यात रात्री अकरानंतर, एसी आणि चार्जर चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने मीटर रूम, डक्ट आणि पार्किंगचं छत बघायला सांगा. जुडीचं दुखणं दिवसा दिसत नाही. आणि कॅमेऱ्यात बाहेरची केबल दिसते, आतली त्याहून गरम असते, हे अहवाल वाचताना लक्षात ठेवा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. विषयपत्रिका काढाल तेव्हा त्यात एक विषय घाला: सामाईक डक्ट आणि पार्किंगमधील केबलींची मोजणी, मार्ग आणि आगरोधक बंदिस्ती. ठराव असा करा की यापुढे चार्जरसाठी ना हरकत देताना केबलची जाडी बघण्याआधी ती कोणत्या मार्गाने, किती केबलींच्या सोबत जाणार हे परवानाधारक माणसाकडून लिहून घेतलं जाईल. त्या कागदावर गुणक लिहिलेला असावा. गुणक लिहिला नसेल तर अर्ज परत पाठवा.

एप्रिलमध्ये ज्या सोसायटीत मला रात्री बोलावलं होतं, तिथे आम्ही दोन रविवार काम केलं. दोन केबली बदलल्या, पार्किंगच्या छताला जाळीदार ट्रे लावली, नऊच्या नऊ केबली एका थरात पसरल्या आणि ट्रेच्या एका कडेला जागा मोकळी ठेवली. ट्रेवर आलेल्या सहा एमएमच्या केबलींवर चार्जरचा करंट थोडा कमी करून ठेवला, त्यामुळे गाडी भरायला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण कोणाची तक्रार आलेली नाही. सचिवांनी स्वतः बसून टॅगवर सदनिका क्रमांक लिहिले. गणपतीच्या आधी त्यांच्याकडे दहावा अर्ज आला. त्यांनी मला फोन केला आणि गाडी कोणती, चार्जर कितीचा हे सांगण्याआधी विचारलं, "ट्रेवर अजून किती केबलींची जागा आहे हो?"

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक, ठाणे